घरात एका हाकेत येणारं पिल्लू बाहेर मोकळ्यावर ऐकतच नाही

पाऊलखूण

नमस्कार. पिल्लं पाळण्याबद्दल इथे बरंच लिहिलं गेलंय, ते सगळं वाचलं. मी एकाच गोष्टीत अडले आहे, म्हणून वेगळा धागा काढतेय.

झिपरी, आमचं कुत्र्याचं पिल्लू, साडेचार महिन्यांची आहे. सात आठवड्यांची असताना आमच्याकडे आली. घरात "झिपरी, ये" म्हटलं की दुसऱ्या खोलीतून, अगदी झोपेतून उठून धावत येते. लसी पूर्ण झाल्यावर बाहेर न्यायला लागलो आणि चित्रच बदललं. लीश असते तोवर ठीक. मैदानात सोडलं की पहिली दोन मिनिटं आसपास घुटमळते, मग एकदा नाक जमिनीला लागलं की माझी हाक तिच्या कानापर्यंत पोचतच नाही.

परवा फार वाईट झालं. मैदानाच्या पलीकडे रस्ता आहे. एक पक्षी उडाला आणि ही त्याच्यामागे सुटली. मी नाव घेत, ओरडत मागे धावले. ती थांबून वळून बघायची, मी हातभर अंतरावर आले की परत पळायची. रस्त्याच्या अगदी कडेला पोचली होती. येणारी गाडी वेळेत थांबली म्हणून आज हे लिहितेय. हाताला लागली तेव्हा मी तिच्यावर इतकी ओरडले, हातही उगारला. ती पोट जमिनीला टेकवून गोळा होऊन बसली. रात्रभर माझा डोळा लागला नाही.

कालपासून घरातसुद्धा हाक मारली की येते, पण दोन पावलं अलीकडेच थांबते. माझ्या हाताकडे बघते.

तिला कायम लीशवर ठेवायचं का? की हे शिकवता येतं? आणि मी जे बिघडवलंय ते दुरुस्त होईल का?

कवडसा

पिल्लू सुखरूप आहे हे पहिलं. आजपासून मोकळं सोडणं बंद, बाकी सगळं त्यानंतर. दुरुस्त होतं, काळजी करू नका. आमचा तर पावणेदोन वर्षांचा असताना शिकला.

निळाई

वाचतेय. आमच्याकडेही हीच रड आहे.

रानवाट

पाऊलखूण, माझ्या पहिल्या कुत्र्याच्या वेळी मीही हेच केलं होतं, आणि ते चुकतंय हे सांगणारं कुणी नव्हतं. गेली वीस-बावीस वर्षं कुत्री पाळतोय, ओळखीच्यांच्या पिल्लांनाही शिकवतो. जरा सविस्तर लिहितो.

आधी त्या दिवशी झिपरीच्या बाजूने काय घडलं ते बघा. पक्षी उडाला, ती धावली. हलत्या गोष्टीमागे धावणं कुत्र्याच्या रक्तातच आहे. मग तुम्ही तिच्यामागे धावलात. कुत्र्यांच्या आपसातल्या खेळात पाठशिवणी हा सगळ्यात लाडका खेळ. वळून बघायचं, समोरचा जवळ आला की निसटायचं, ही त्या खेळाची रीतच आहे. तुमचा जीव टांगणीला लागला होता, तिला मात्र वाटत होतं की घरचं माणूस आज पहिल्यांदाच एवढ्या जोशात खेळतंय. शेवटी ती तुमच्या हाती लागली आणि त्याच क्षणी तिला आयुष्यातला सगळ्यात मोठा ओरडा बसला. कुत्रं शिक्षेचा संबंध पाच मिनिटांपूर्वीच्या पळण्याशी जोडत नाही, त्या क्षणी जे चाललंय त्याच्याशी जोडतं. त्या क्षणी ती पळत नव्हती, तुमच्याजवळ होती. ती आता दोन पावलं अलीकडे का थांबते, त्याचं उत्तर यातच आहे.

दुसरं. घरात येते आणि बाहेर येत नाही, याला हट्टीपणा म्हणू नका. बाहेर तिला "ये" शिकवलेलंच नाही. आपण एकदा पोहायला शिकलो की कुठल्याही पाण्यात पोहतो. कुत्र्याचं तसं नसतं. तिच्यासाठी "ये" म्हणजे ती खोली, ती फरशी, तुमचा तो शांत आवाज आणि दुसरं काहीच घडत नसणं. मैदानात यातलं एकही नाही. म्हणजे प्रत्येक नव्या जागी पहिलीपासून सुरुवात, फक्त दर वेळी ती पहिली इयत्ता लवकर संपते.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपण हाक कधी मारतो ते आठवा. आंघोळ घालायची असते, तोंडातली वस्तू काढून घ्यायची असते, नखं कापायची असतात, मैदानातून घरी जायचं असतं. म्हणजे हाक ऐकली की मजा संपते. असं महिनाभर चाललं तर कुठलंही शहाणं पिल्लू हाक ऐकून दुसरीकडे बघेल. हाकेनंतर जे घडतं ते तिच्या दृष्टीने चांगलंच असलं पाहिजे, दर वेळी, आणि पहिली दोन-तीन वर्षं तरी याला अपवाद नको. आंघोळीला न्यायचं असेल तर तुम्ही तिच्याकडे जा, हाक मारू नका.

तुमचा "ये" आता मळलाय. तो शब्द घासून साफ करण्यापेक्षा नवा घ्या. रोजच्या बोलण्यात न येणारा, दोन अक्षरांचा, तोंडातून पटकन निघणारा. "ये" हा शब्द आपण दिवसात शंभर वेळा माणसांशी बोलताना वापरतो, त्यामुळे तसाही तो कमकुवतच.

पहिले तीन-चार दिवस तिला कुठूनही यायला सांगायचंच नाही. ती शेजारी उभी असताना नवा शब्द आनंदाने म्हणायचा आणि एका सेकंदाच्या आत तिच्या तोंडात तिच्या सगळ्यात आवडीचा खाऊ. शब्द आधी, हात खिशाकडे नंतर. क्रम उलटला तर ती शब्द ऐकत नाही, हात बघत बसते. पावलोव्ह या शास्त्रज्ञाने कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांचं तत्त्व हेच: आधी संकेत, लगेच अन्न, आणि पुरेशा वेळा झालं की नुसत्या संकेतानेच लाळ सुटते. एका वेळी आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. तिची पाठ तुमच्याकडे असताना शब्द उच्चारला आणि मान गर्रकन वळली, की शब्द रुजला समजा.

मग घरात दोघांनी समोरासमोर बसून आळीपाळीने बोलवायचं. मग खोली बदलून, मग लपून. लपाछपी पिल्लांना फार आवडते आणि तुम्हाला शोधणं ही त्यांची सवय होते. मग अंगणात किंवा जिन्यात, मग बाहेर शांत जागी दोरीवर, आणि सगळ्यात शेवटी मैदान. जागा अवघड केली की अंतर कमी करायचं, अंतर वाढवलं की जागा सोपी ठेवायची. दोन्ही एकदम वाढवाल तर ती चुकणार, आणि तो दोष तिचा नसेल.

शब्द एकदाच म्हणायचा. आली नाही तर पाच वेळा म्हणायचं नाही, कारण मग पहिले चार शब्द ऐकून सोडून द्यायचे असतात हेच ती शिकते. गप्प तिच्याकडे चालत जायचं, दोरी हातात घ्यायची, आणि पुढच्या वेळी जरा सोपं करायचं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: आत्ता ती येईल यावर मी पैज लावेन का? उत्तर नाही असेल तर तो शब्द तोंडातून काढत नाही.

सातपाऊल

रानवाट, एक शंका. खाऊ देऊन बोलवणं ही लाच नाही का? उद्या खिशात काही नसताना ते येईल कशावरून? आमच्या वडिलांनी कधी कुत्र्याला खाऊ दाखवला नाही, तरी कुत्रं त्यांच्या एका शिट्टीवर यायचं.

रानवाट

प्रश्न योग्य आहे. आधी खाऊ दाखवून "ये, हे बघ" म्हणणं ही लाच, आणि तुमचं म्हणणं खरं आहे, त्याची सवय लागते. काम झाल्यावर देतात ती मजुरी. खाऊ खिशात किंवा पाठीमागे, कधी कधी तर जवळच्या बाकावर डब्यात. ती आली की मग दिसतो. काय मिळेल हे तिला आधी कळू नये. कधी एक कण, कधी सलग सहा-सात कण एकामागून एक, कधी चेंडू, कधी दोघांनी मिळून पळणं.

तुमच्या वडिलांच्या कुत्र्यालाही मजुरी मिळतच असणार. वडिलांबरोबर रानात हिंडणं हेच त्याचं बक्षीस असेल, ते आपल्याला दिसत नाही एवढंच.

आणि फुकटची एक मोठी मजुरी आपण वापरतच नाही: परत जाऊ देणं. ती वास घेत असते, बोलावलं, आली, खाऊ दिला आणि लगेच "जा". जिथून आली तिथेच परत पाठवायचं. डेव्हिड प्रिमॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे मांडलं आहे, की जे करायला जिवाला जास्त आवडतं तेच कमी आवडीच्या कामाचं बक्षीस म्हणून वापरता येतं. एका फेरीत दहा वेळा बोलावलं तर नऊ वेळा सोडून द्या. मग हाक म्हणजे मजा संपली असं तिला वाटणार नाही.

बसायला सांगणं, पंजा देणं यांचा खाऊ पुढे कमी केला तरी चालतं. बोलावण्याचा मी कधीच बंद करत नाही. जीव वाचवणारी गोष्ट आहे, तिथे हात आखडता कशाला घ्यायचा?

निळाई

शब्दावरून सांगते. आमच्याकडे मी "ये" म्हणते, नवरा "इकडे", मुलगा "चल चल चल", सासूबाई "ये गं बाई", आणि सगळेच मध्ये मध्ये नुसतं नाव घेतात. नाव तर रागावतानाही घेतो, कौतुक करतानाही. हे वाचल्यावर लक्षात आलं की त्या बिचाऱ्या जिवाला आम्ही पाच भाषा शिकवत होतो. काल सगळ्यांनी बसून एक शब्द ठरवला आणि फ्रिजवर लिहून लावला.

उंबरठा

मी पशुवैद्यक आहे. दोरीबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं म्हणून लिहिते, कारण याच शिकवणीत झालेल्या जखमा मी बघते.

लांब दोरी म्हणजे साधी, न ताणली जाणारी, पाच ते दहा मीटरची. पिल्लासाठी पाच मीटरने सुरुवात करा. बटण दाबलं की आत गुंडाळली जाणारी लीश यासाठी नको. तिचा ताण सतत गळ्यावर जाणवत राहतो, त्यामुळे पिल्लू ओढायलाच शिकतं. शिवाय हातातून सुटली तर तो जड दांडा खडखडत मागे येतो आणि घाबरलेलं पिल्लू आणखी पळतं.

लांब दोरी गळ्यातल्या पट्ट्याला कधीही लावू नका. धावत सुटलेलं पिल्लू दोरीच्या टोकाला पोचलं की सगळा झटका मानेवर येतो. छातीवरून जाणारा नीट मापाचा हार्नेस घाला आणि दोरी पाठीवरच्या कडीत अडकवा. हार्नेस आणि अंग यांच्यात दोन बोटं सहज जायला हवीत. पिल्लं झपाट्याने वाढतात, त्यामुळे दर आठवड्याला माप तपासा. दोरी मनगटाला गुंडाळू नका. मनगटं मुरगळतात, बोटं मोडतात. हातमोजे घाला, उघड्या पायांवरून दोरी सर्रकन गेली तर भाजल्यासारखी जखम होते. टोकाची गाठ किंवा फास काढून टाका, म्हणजे झाडाझुडपात अडकत नाही. दुसरी कुत्री किंवा लहान मुलं खेळत असतील तिथे दोरी जमिनीवर लोळू देऊ नका, पायांत गुंतते. आणि महत्त्वाचं, दोरीने ओढून आणायचं नाही. दोरी ही फक्त पळून न जाण्याची हमी, येणं पिल्लाने स्वतःच्या पायांनीच.

खाऊ वाटाण्याएवढा किंवा त्याहून लहान. उकडलेलं कोंबडीचं मांस बहुतेकांना आवडतं आणि सोसतं. असा वरचा खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, रोजच्या जेवणातलाच काही भाग यासाठी वापरला तर उत्तम. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही कधीच नाही.

उन्हात तापलेली जमीन तळव्यांना भाजते. हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल तर ती वेळ बाहेर जायची नाही. एकदम भरपूर धावपळही नको, वाढीच्या वयात सांधे कोवळे असतात. पाच मिनिटांचा सराव दिवसातून तीनदा, हा अर्ध्या तासाच्या एका सत्रापेक्षा कितीतरी चांगला.

गळ्यात फोन नंबरची पट्टी आणि शक्य तिथे मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवायची ओळखीची चिप. सगळी खबरदारी घेऊनही पिल्लं सुटतात.

भिरभिरं

एक विचारू का? रिमोटवर चालणारा विजेचा पट्टा घ्यायचा सल्ला मला एकाने दिला. हलका झटका बसतो, कुत्रं लगेच येतं म्हणे. वापरलाय का कुणी?

उंबरठा

कृपया नको. २०२० मध्ये लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय नेमका हाच होता, बोलावल्यावर न येणारी कुत्री. ६३ कुत्र्यांचे तीन गट केले होते. एका गटाला विजेचा पट्टा वापरून शिकवलं, दुसऱ्याला त्याच प्रशिक्षकांनी पट्ट्याविना, तिसऱ्याला मुख्यतः बक्षिसावर भर देऊन. विजेच्या पट्ट्याने जास्त चांगलं शिकवलं गेलं असं दिसलं नाही. वेल्समध्ये तर हे पट्टे वापरण्यावर २०१० पासून बंदी आहे.

आणि धोका ध्यानात घ्या. झटका बसला तेव्हा पिल्लू ज्याच्याकडे बघत होतं, एखादं मूल, दुसरं कुत्रं, त्याच्याशी ते दुखणं जोडू शकतं. मग भीतीतून भुंकणं, अंगावर जाणं सुरू होतं. असे रुग्ण माझ्याकडे आलेत. मूळ तक्रार मागे पडते आणि नवी, जास्त अवघड तक्रार समोर उभी राहते.

भिरभिरं

धन्यवाद. नाही घेत.

कवडसा

आमच्यासाठी शिट्टी वरदान ठरली. आवाजात राग असतो, भीती असते, सर्दी झालेली असते, घरातल्या पाच जणांचे पाच आवाज. शिट्टी कायम एकच. दूरवर जाते. आम्ही तीन छोट्या फुंका ठरवल्या, पीप-पीप-पीप. रानवाटांनी सांगितलं तसंच, आधी आठवडाभर फक्त जेवणाचं ताट ठेवताना वाजवली. माणसाला ऐकू न येणारी शिट्टी असते, ती मी घेतली नाही, कारण ती नीट वाजली की नाही हे मलाच कळत नाही. कुत्री आपल्यापेक्षा बरेच वरचे स्वर ऐकतात, पण साधी शिट्टीही त्यांना उत्तम ऐकू येते.

रानवाट

कवडसांच्या छोट्या तुटक फुंका अगदी बरोबर. छोटे, पटापट येणारे आवाज कुत्र्याला हालचाल करायला लावतात, आणि एकच लांबवलेला स्वर थांबवायला, शांत करायला उपयोगी पडतो. मेंढपाळ, घोडे हाकणारे हे पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. म्हणून "येऽऽऽ" असं लांबवून ओरडण्यापेक्षा तुटक, आनंदी आवाज काढा.

आता जे सगळ्यात वाईट वेळी लागतं ते. पिल्लू सुटलं आणि येत नाही, तर त्याच्यामागे पळू नका. उलट दिशेने पळा. आनंदाने, आवाज करत, पाठ दाखवून. पाठशिवणीत आता तुम्ही पुढे आणि ती मागे. थोडं गेल्यावर खाली बसा, अंग तिच्याकडे आडवं, नजर जमिनीकडे, आणि गवतात काहीतरी सापडल्यासारखं करा. बहुतेक पिल्लं बघायला येतात. आली की झडप घालू नका, आधी खाऊ द्या, मग सावकाश छातीखालून हात घाला. आणि तुमच्या मनात काहीही चाललेलं असो, कौतुक करा.

याला एक अपवाद, तो मात्र पाठ करून ठेवा. मध्ये रस्ता असेल आणि पिल्लू पलीकडे असेल तर बोलवायचं नाही. उत्तम शिकलेलं कुत्रंसुद्धा हाक ऐकून सरळ रेषेत येतं, गाडी बघत नाही. तेव्हा "बस" किंवा "थांब" म्हणायचं आणि रस्ता आपण ओलांडायचा. म्हणून हाकेबरोबरच लांबून थांबणं शिकवा.

पाऊलखूण

(बारा दिवसांनी)

सगळ्यांचं मनापासून आभार. रानवाट, तो रस्त्याचा अपवाद वाचून अंगावर काटा आला. त्या दिवशी ती पलीकडे गेली असती तर मी नक्की हाकच मारली असती.

नवा शब्द ठरवला: "टुकटुक". मुलीने सुचवला. रागात म्हणताच येत नाही, म्हणून फार आवडला. चौथ्या दिवशी पाठमोरी असताना मान वळली. घरात आता उत्तम. बाहेर सात मीटर दोरीवर, पहाटे मैदान रिकामं असताना, दहापैकी आठ वेळा येते.

पण ते दोन पावलांचं अजून गेलेलं नाही. येते, हात पुढे केला की अंग चोरते. कधी खाऊ घेऊन लगेच मागे सरते. माझ्यामुळेच झालंय हे, आणि ते बघवत नाही.

रानवाट

जातं ते. बोलावण्याशी जोडू नका, वेगळा खेळ करा. घरात, शांत वेळी, बोटाने तिच्या गळ्यातल्या पट्ट्याला नुसता स्पर्श आणि लगेच खाऊ. तेही हनुवटीखालून, डोक्यावरून हात न नेता. दोन दिवसांनी पट्टा क्षणभर धरा, खाऊ द्या, सोडा. मग जरा जास्त वेळ. स्पर्श आधी, खाऊ नंतर. काही दिवसांत पट्टा धरला की ती स्वतः तुमच्याकडे तोंड वर करेल.

बाहेर हात पुढे करून खाऊ देऊ नका. हात लांब केला की तिला तेवढ्याच अंतरावर थांबायची सवय लागते. तुमच्या दोन पावलांच्या मध्ये, जमिनीवर टाका. खाली बसा, पण तिच्यावर वाकू नका. आणि प्रत्येक वेळी पट्टा धरू नका. दहापैकी सात वेळा फक्त खाऊ आणि "जा".

उंबरठा

एक भर. पिल्लू अचानक हाकेला कमी प्रतिसाद देऊ लागलं, डोकं झटकत असेल, कान खाजवत असेल किंवा कानाजवळ हात नेल्यावर अंग चोरत असेल तर कान तपासून घ्या. कानाच्या आजारात ऐकूही कमी येतं आणि स्पर्शही नको वाटतो. झिपरीचं कारण तुम्हाला माहीत आहे, तरी एकदा बघून घेतलेलं बरं.

सातपाऊल

आमच्याकडचं कुत्रं म्हातारं आहे, ऐकू जवळजवळ येत नाही. रात्री अंगणातून आत घ्यायला टॉर्च दोनदा लुकलुकवतो, दिवसा दोन्ही हात पसरतो. वरच्या पद्धतीनेच शिकवलं, आधी खूण, मग खाऊ. नऊ दिवसांत शिकला. पिल्लांना पहिल्यापासून हाकेसोबत हाताची खूण शिकवून ठेवली तर पुढे म्हातारपणी उपयोगी पडेल असं वाटतं.

पाऊलखूण

(साधारण चार महिन्यांनी)

धागा वर काढतेय, कारण आता वेगळंच झालंय.

कान तपासले, स्वच्छ होते. पट्ट्याच्या खेळाने दोन पावलांचं अंतर तीन आठवड्यांत गेलं. आता हनुवटी माझ्या तळव्यावर आणून ठेवते. दोरीवर मैदानात, माणसं असताना, चेंडू उडत असताना यायची. सहा महिन्यांची झाल्यावर चारी बाजूंनी बंदिस्त जागेत दोरी सोडून बघितली, छान जमलं.

आता साडेआठ महिन्यांची आहे आणि मागच्या तीन आठवड्यांपासून सगळं विसरल्यासारखी वागते. मी बोलावते, ती माझ्याकडे बघते, ऐकलंय हे स्पष्ट दिसतं, आणि दुसरीकडे निघून जाते. गंमत म्हणजे माझी बहीण आली होती, तिचं मात्र लगेच ऐकलं. माझं पुन्हा काही चुकलं का?

रानवाट

काहीही चुकलेलं नाही. तारुण्य आलंय. २०२० मध्ये ब्रिटिश संशोधकांनी नेमकं हेच दाखवलं: पाच महिन्यांच्या वयात आपल्या माणसाचं ऐकणारी कुत्री आठ महिन्यांच्या सुमारास त्याचंच कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र नाही. तुमच्या बहिणीचं ऐकलं याचं कारण तेच. हा काळ सरतो. याच वयात लोक कंटाळून कुत्री सोडून देतात, म्हणून हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला फार वाटतं.

करायचं एवढंच: दोरी परत लावा. तिला चुकायची संधी देऊ नका, कारण "न आलं तरी चालतं" हे या वयात एकदा कळलं तर ते पक्कं बसतं. चार पायऱ्या खाली या, शांत जागा, कमी अंतर, दुप्पट चांगला खाऊ. मैदानात खेळणं नेत असाल तर निळं किंवा पिवळं न्या. कुत्र्यांना लाल आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही, गवतातला लाल चेंडू त्यांना नाकानेच शोधावा लागतो.

दोरी कधी काढायची हे वयावर ठरवू नका. त्याच जागी, वेगवेगळ्या दिवशी, दहापैकी दहा वेळा आली की एक पायरी वर. आणि रस्ता जवळ असलेल्या त्या मैदानात तर मी कितीही शिकलेलं कुत्रं मोकळं सोडत नाही.

पाऊलखूण

तिथे आता कधीच सोडणार नाही, ते त्या दिवशीच ठरलं. दोरी आजच परत लावते. ती चुकत नाहीये, वयात येतेय, हे कळल्यावर माझा राग कुठल्या कुठे गेला.

गवताळ

नमस्कार, आजच सदस्य झालो. आमचं पिल्लू नऊ आठवड्यांचं आहे. लसी पूर्ण व्हायला अजून वेळ आहे, बाहेर खाली सोडायचं नाही असं सांगितलंय. मग हे सगळं लसी झाल्यावर सुरू करायचं का?

उंबरठा

थांबू नका. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण सोळा आठवड्यांपर्यंत, बाहेरच्या कुत्र्यांची ये-जा असलेल्या जमिनीवर ठेवायचं नाही हे बरोबर. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पण तीन ते चौदा आठवडे हाच जगाची ओळख होण्याचा काळ आहे, तो घरात कोंडून घालवू नका. कडेवर घेऊन बाहेर न्या, गाड्या, माणसं, आवाज दाखवा. कडेवर असतानाच शब्द म्हणा आणि खाऊ द्या.

पाऊलखूण

गवताळ, आणि शब्द आजच ठरवा, घरातल्या सगळ्यांनी मिळून. आमचा "टुकटुक" हवा असेल तर घ्या. पहिले काही दिवस पिल्लू शेजारी असतानाच म्हणा, कुठूनही बोलवू नका. जेवणाचं ताट ठेवताना एकदा, खेळताना दोनदा. आणि आठवड्यानंतर मान वळते का ते इथे नक्की लिहा.